बॅश जागेवर आहे, तरी ‘फाइल नाही’ का?

प्रश्न : राजारामपुरीत आमचा सी-प्रोग्रॅमिंगचा क्लास आहे. लिनक्स सर्व्हरवर ३० मुलांची खाती आहेत. मुलं एकमेकांचे फोल्डर उघडतात, सर्व्हरच्या फाइल चाळतात. म्हणून ‘जेल’ नावाची डिरेक्टरी केली, बॅश (टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) त्यात कॉपी केला आणि एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायच्या सेवेच्या) सेटिंगमध्ये सीएच-रूट लावलं, म्हणजे मुलांना ‘जेल’बाहेरचं काही दिसू नये. आता लॉगिन करताच ‘बिन-बॅश : नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ येतं आणि कनेक्शन तुटतं. फाइल तर तिथंच आहे!
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बॅश आहे, पण त्याला मेमरीत चढवणारा लोडर जेलमध्ये नाही. संदेशात मात्र नाव बॅशचंच येतं, म्हणून माणूस फसतो. प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररी (तयार कोडच्या फाइल) दाखवणाऱ्या ‘एलडीडी’ला बॅशचा पूर्ण पाथ देऊन बघा. दिसेल ती प्रत्येक लायब्ररी जेलमध्ये त्याच पाथवर हवी. ‘व्हीडीएसओ’ची ओळ सोडा, तशी फाइल डिस्कवर नसते. ‘एलडी-लिनक्स’ने सुरू होणारी फाइल हा लोडर. ६४ बिट इंटेल मशिनवर तो ‘लिब६४’मध्ये असतो आणि नेमका तोच राहून जातो.

पण सी शिकवायचं तर एकेक फाइल उचलत बसू नका. जीसीसी या सी कंपायलरला हेडर, असेंब्लर, लिंकर सगळंच लागतं. डेबियन किंवा उबुंटू असेल तर ‘डीबूटस्ट्रॅप’ने जेलमध्ये छोटी सिस्टीमच बसवा आणि जीसीसी आतच इन्स्टॉल करा. मग आतल्या सेटयूआयडी फाइल, म्हणजे कुणीही चालवल्या तरी मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या फाइल, शोधून त्यांचा तो बिट काढा. आत कुणी रूट, म्हणजे सर्वाधिकारी, झाला, तर जेल फोडणं त्याला अवघड नाही. अपडेटही आत वेगळे करावे लागतात, हे विसरू नका.

जेल आणि तिच्या वरच्या सगळ्या डिरेक्टऱ्या रूटच्याच मालकीच्या हव्यात. दुसऱ्या कुणालाही तिथं लिहिता येता कामा नये. नाहीतर एसएसएच लॉगिनच तोडतं आणि लॉगमध्ये ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स’ दिसतं. मुलांची होम डिरेक्टरी जेलच्या आत त्याच पाथवर करा. आतल्या पासवर्ड फाइलमध्ये त्यांच्या ओळी त्याच यूआयडीने (खात्याच्या क्रमांकाने) घाला, नाहीतर प्रॉम्प्टवर ‘आय हॅव नो नेम!’ येईल.

आणि तुमची मूळ तक्रार. सगळी मुलं एकाच जेलमध्ये असतील, तर ती एकमेकांना दिसणारच. ते जेलने थांबत नाही. प्रत्येक होमला ७०० परवानगी द्या, म्हणजे दुसऱ्या मुलांना ते उघडता येणार नाही.

एसएसएचच्या सेटिंगमधला ‘मॅच ग्रुप’चा (ठरावीक ग्रुपपुरत्या ओळींचा) भाग फाइलच्या शेवटी ठेवा, कारण त्याखालची प्रत्येक ओळ त्याच ग्रुपला लागू होते. रीस्टार्टआधी ‘एसएसएचडी -टी’ने तपासा आणि चाचणीचं लॉगिन जमेपर्यंत रूटचं एक सेशन उघडं ठेवा.