जिल्हा परिषद शाळेत नव्याने लागलेल्या शिक्षकाने गावच्या राजकारणापासून दूर कसं राहावं?

राहता येत नाही. निदान आमच्या बीड जिल्ह्यात तरी नाही.

मी 2007 साली शिक्षणसेवक, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावरचा शिक्षक, म्हणून लागलो. मानधन 3000 रुपये, शाळा दोनशिक्षकी, गाव ऊसतोड मजुरांचं. मुख्याध्यापकांनी हजर होतानाच बजावलं, "तीन वर्षं तोंड शिवून राहा. कायम झालात की मग काय ती क्रांती करा."

दिवाळीनंतर शाळा उघडली आणि चौथीचा वर्ग निम्मा रिकामा. पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीच्या टोळीत गेलेली, काही तर थेट कर्नाटकात. पुढच्या दसऱ्याआधी मी फळ्यावर एक गणित घातलं: एका कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर, 40,000 रुपये उचल (आगाऊ रक्कम) आहे, जोडी रोज 2 टन ऊस तोडते, टनाला भाव अमुक, तर उचल किती दिवसांत फिटेल? एक मुलगी म्हणाली, "गुर्जी, पाऊस आला की खाडा पडतो, तो धरायचा का?" मागून एक पोरगा, "आन् मुकादम किराणा कापतो, तो?" फळा पुरला नाही. संध्याकाळी त्या मुलीचा बाप मळकी वही घेऊन आला. उचल देऊन टोळी नेणाऱ्या मुकादमाने त्याच्या अंगावर बाकी दाखवली होती. आम्ही मांडून पाहिलं तर उलट त्यालाच पैसे निघत होते. मग आणखी वह्या आल्या.

मुकादम सरपंचांचा सख्खा भाऊ. तक्रार गेली, "शिक्षक वर्गात राजकारण करतात." शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी आले, गणित दोनदा तपासलं, चूक काही दाखवता येईना, चहा पिऊन गेले. मुख्याध्यापक मात्र मला म्हणाले, "गणित शिकवा, हिशोब कशाला शिकवता?" हेच गुरुजी दर निवडणुकीत सरपंचांच्या वाड्यावर पंगतीला. त्यांचे ते 'संबंध', आणि माझं ते राजकारण!

तुमच्या प्रश्नाबद्दल म्हणाल तर खिचडीचं काम कोणत्या बचत गटाला आणि वर्गखोलीचा ठेका कुणाला, हे ठरतं तेव्हा तुम्ही त्याच खोलीत बसलेले असता. दूर कुठे जाणार? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, असं शिक्षण हक्क कायदाच सांगतो. पालकसभा पावसाळ्यात घ्या. जानेवारीत घेतलीत तर टोळीवरचे पालक गावात नसतात, आणि समिती गावात उरलेल्यांची होते.

पक्षाचा प्रचार, बूथवर बसणं मात्र अजिबात नको. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांसाठी 1967 चे वर्तणूक नियम आहेत आणि ते नेमके नावडत्या माणसालाच लागू होतात. शिवाय माझं घर त्याच तालुक्यात, पाठीशी भावकी होती. तुम्ही परजिल्ह्यातून येत असाल तर पहिलं वर्ष नुसतं बघा. म्हणजे मुख्याध्यापकांचं थोडं खरं होतं. थोडंच.

आणि शिक्षक संघटनेच्या वर्गणीची पावती फाडताना एक ध्यानात ठेवा. विधान परिषदेत शिक्षकांच्या 7 जागा आहेत, पण मत माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. तुम्हा-आम्हा प्राथमिकवाल्यांना नाही. हे आमच्या मुख्याध्यापकांना निवृत्तीच्या निरोप समारंभात मी सांगितलं, तर ते म्हणाले, "बघा, अजून राजकारण सुटत नाही यांचं."