गच्ची भावाची, अंधार माझ्या घरात

प्रश्न : अमळनेरच्या जुन्या भागात आमचं वडिलोपार्जित घर आहे. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या, त्यामुळे उजेड फक्त ओसरीतून आणि परसदारातून येतो. मधल्या घरात भर दुपारीही दिवा लावावा लागतो आणि आईचा सगळा वावर तिथेच असतो. पूर्वी धाबं (मातीचं सपाट छत) होतं तेव्हा त्या खोलीवर झरोका होता. 1998 मध्ये धाबं उतरवून स्लॅब टाकला, तेव्हा तो बुजला. वडील गेल्यावर 2009 मध्ये आम्ही दोघा भावांनी स्टॅम्पपेपरवर वाटणी केली : खालचं घर मला, गच्ची आणि वर बांधण्याचा हक्क धाकट्याला. एक बहीण धुळ्याला दिली आहे. आता स्लॅबला भोक पाडून ट्यूबवाला स्कायलाइट बसवायचा विचार आहे. भाऊ म्हणतो, "टाकी ल्या ना नाना, माले काय अडचन शे!" पण पुतण्याला पुढेमागे वर दोन खोल्या काढायच्या आहेत. भावाचा शब्द पुरेसा आहे का? उद्या त्याने वर बांधलं किंवा शेजाऱ्याने भिंत चढवली, तर माझा उजेड बंद होईल का?

उत्तर : ठेकेदाराला सध्या थांबवा. भावाच्या शब्दाबद्दल मला शंका नाही, पण तो शब्द भावापुरताच आहे.

हा स्कायलाइट बसतो कुठे ते बघा. गच्चीवर पारदर्शक घुमट, स्लॅबमधून खाली येणारी आतून आरशासारखी चकचकीत नळी आणि तुमच्या छताला उजेड पसरवणारी काच. काच तुमच्या हद्दीत, घुमट भावाच्या. स्लॅब तुमचं छत आणि त्याची जमीन. म्हणजे तुमच्या सोयीसाठी दुसऱ्याच्या मिळकतीवर कायमची वस्तू बसणार. आपल्या मिळकतीच्या सोयीसाठी दुसऱ्याच्या मिळकतीवर असलेला हक्क म्हणजे सुविधाधिकार. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 हा कायदा नेमका अशाच गोष्टींसाठी आहे. 1891 मध्ये तो मुंबई इलाख्याला लागू झाला, त्यामुळे खानदेशात तो तेव्हापासूनच आहे.

तोंडी होकार म्हणजे या कायद्यातला निव्वळ परवाना, नुसती परवानगी. त्यावर विसंबून तुम्ही पदरचे पैसे घालून कायमस्वरूपी काम केलंत, तर कलम 60 प्रमाणे भावाला तो मागे घेता येत नाही. इथवर ऐकून बरेच जण खूश होऊन उठतात. पण त्याच्या आधीचं कलम 59 सांगतं की मिळकत दुसऱ्याला विकली गेली, तर नवा मालक त्या परवान्याने बांधला जात नाही. भावाने गच्ची विकली आणि घेणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात घुमट उखडला, तर तुम्ही कोर्टात उभे राहाल ते "भाऊ हो म्हणाला होता" एवढ्या बळावर.

वीस वर्षं उजेड घेतला की हक्क आपोआप मिळतो, असं पारावर कोणीतरी तुम्हाला सांगेलच. कलम 15 मध्ये वीस वर्षांची तरतूद आहे, पण ती वर्षं शांततेत, खंड न पडता आणि सुविधाधिकार म्हणून गेलेली लागतात. दावाही तो काळ संपल्यापासून दोन वर्षांच्या आत हवा. शिवाय करारात हा उजेड सुविधाधिकार म्हणून दिलेला नाही असं दिसत असेल, तर तो काळ मोजलाच जात नाही. म्हणून "माझी तात्पुरती हरकत नाही" असा स्टॅम्पपेपरवरचा कागद करू नका. तो नसलेला बरा.

जुन्या झरोक्यावर भिस्त ठेवू नका. धाबं होतं तेव्हा वर-खाली मालक एकच होता आणि स्वतःच्याच मिळकतीवर कोणाचा सुविधाधिकार नसतो. कलम 13 प्रमाणे वाटणीच्या वेळी जी सोय उघड दिसत होती आणि चालू होती, ती हिस्सेदाराला पुढेही मिळू शकते. पण 2009 मध्ये झरोका बुजून अकरा वर्षं झाली होती. अंधाऱ्या खोलीला उजेड ही निकडीची गरज आहे, असंही म्हणता येईल. मात्र निकड म्हणजे त्याशिवाय मिळकत वापरताच येत नाही, असा अर्थ कोर्ट घेतं आणि तुमच्याकडे बल्ब आहे.

मला खरी काळजी वाटते ती तुम्ही एका ओळीत उरकलेल्या धुळ्याच्या बहिणीची. वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे. वडील दुरुस्तीच्या आधी वारले असले तरी तो जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. त्या दुरुस्तीतून 20 डिसेंबर 2004 पूर्वीच्या वाटण्या वाचल्या. तुमची 2009 ची आहे, तीही दोघा भावांतली. आईचाही हिस्सा आहे. या दोघींनी नोंदणीकृत हक्कसोड केली नसेल, तर गच्ची एकट्या भावाची आहे हेच पक्कं नाही आणि जे त्याचं पक्कं नाही ते तो तुम्हाला देणार कसं? आधी हक्कसोड किंवा चौघांच्या सह्यांचं नोंदणीकृत वाटणीपत्र करा. बहिणीकडे हक्काने जा, पण कागद आधी तिला वाचायला द्या. लग्नकार्यात घाईने घेतलेल्या सह्यांचे कज्जे आम्ही वर्षानुवर्षं चालवतो.

त्याच दस्तात किंवा वेगळ्या दस्ताने भावाकडून सुविधाधिकार लिहून घ्या आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. अशा हक्काचं मूल्य शंभर रुपये किंवा जास्त असेल, तर नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे नोंदणी सक्तीची आहे. दस्ताला नकाशा जोडा : कोणत्या भिंतीपासून किती फुटांवर, नळीचा व्यास किती, घुमट गच्चीपासून किती उंच. पुतण्याच्या खोल्यांचा विचार आजच लिहा. वर बांधकाम झालं, तर त्याच जागेवरून नळी त्याच्या खोलीच्या कोपऱ्यातून वरच्या छतापर्यंत न्यायची, ती बंदिस्त करायची आणि वाढीव खर्च अमुक जण देणार. घुमट पुसायला गच्चीवर जाण्याचा हक्क लिहा. गळती झाली तर दुरुस्ती कोणाची, तेही लिहा. पहिलं भांडण पहिल्या पावसाळ्यात त्यावरूनच होतं.

नगरपरिषदेचं म्हणाल, तर इमारतीच्या बाह्य स्वरूपात फारसा फरक न पाडणाऱ्या सुधारणेला प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 43 खाली परवानगीतून सूट आहे. तरी स्लॅबची सळई कापली जाणार असल्याने इंजिनियरचं पत्र घ्या आणि त्याची प्रत बांधकाम विभागात देऊन पोच घ्या. भोक बीमला लागता कामा नये.

शेजारी स्वतःच्या जागेत भिंत चढवू शकतो. वीस वर्षं होईपर्यंत तुम्ही त्याला अडवू शकत नाही. नंतरही उजेड थोडा कमी झाला म्हणून भागत नाही, राहण्या-वावरण्याला खरोखर त्रास व्हावा लागतो. त्यापेक्षा जागा नीट निवडा. अमळनेरला डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य साधारण 45 अंशांवरच असतो, म्हणजे दक्षिणेची दहा फुटांची भिंत दहा फूट लांब सावली टाकते. घुमट त्यापलीकडे ठेवला, तर शेजाऱ्याने एक मजला चढवला तरी दुपारचा उजेड राहील.

भावाने सही करायला नकार दिला, तर कोर्टात जाऊ नका, केस कमजोर आहे. नळी परसदाराच्या बाजूच्या तुमच्या भिंतीतूनही आणता येते. लांबी आणि वळणांमुळे उजेड कमी मिळेल, पण तिथे भावाची सही लागणार नाही. बहिणीचा आणि आईचा कागद मात्र तेव्हाही करायचाच आहे.