सोलापुरात घरच्यांसाठी छोटी एसयूव्ही : नवी घ्यावी की दोन वर्षं वापरलेली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात पाच माणसं, त्यात गुडघे दुखणारी आई आणि दोन शाळकरी मुलं. राहायला जुळे सोलापूर. महिन्याला साधारण ७०० किलोमीटर, त्यात तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर आणि दोन महिन्यांतून एकदा पुणे. सगळं धरून बजेट साडेनऊ लाख. वापरलेल्या गाड्यांच्या एका दुकानात दोन वर्षांची, २२ हजार फिरलेली, १२०० सीसी पेट्रोलची गाडी सव्वाआठ लाखांना देतायत. ती घ्यावी, की थोडी ओढाताण करून नवी?

माझं मत स्पष्ट आहे, ती सव्वाआठ लाखांची गाडी सोडून द्या. एकतर कोरी घ्या, नाहीतर चार-पाच वर्षं वापरलेली घ्या. एक-दोन वर्षांच्या गाडीत सध्या आपल्यासारख्याचं नुकसान आहे, आणि त्याचं कारण जीएसटी.

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो. त्याआधी सेस धरून २९ टक्के होता. समजा, कराआधी गाडीची किंमत ७ लाख आहे. ती आधी शोरूमला ९ लाख ३ हजारांना पडायची, आता ८ लाख २६ हजारांना पडते. आपल्या राज्यात १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के आरटीओ टॅक्स आहे, म्हणजे आणखी ९१ हजार. इन्शुरन्स आणि किरकोळ खर्चाला ४० हजार धरा. साडेनऊच्या थोडं वर जाते, एक व्हेरियंट खाली उतरलात की आत बसते. दुकानदार मात्र अजून जुन्या नऊ लाखांवरून हिशेब मांडतोय. इन्शुरन्सवाले दोन वर्षं उलटलेल्या गाडीची किंमत काढताना ३० टक्के घसारा धरतात. आजच्या ८ लाख २६ हजारांवर तो लावला तर पावणेसहा लाखांच्या आसपास आकडा येतो. बाजारात गाडी त्याहून महाग जाते हे मान्य, पण सव्वाआठ म्हणजे फारच झालं. लाख-सव्वा लाखासाठी तुम्ही कंपनीची दोन वर्षांची वॉरंटी आणि कोरेपणा सोडून देताय.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, हे सगळ्या मॉडेलना लागू नाही. ब्रेझाचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं आहे, त्यामुळे तिच्यावर ४० टक्के कर आहे. आधी सेससकट ४५ होता. म्हणजे तिची नवी किंमत तेवढी उतरलेली नाही आणि जुनीचा भावही तेवढा पडलेला नाही. नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, थ्रीएक्सओ यांची पेट्रोल इंजिनं १२०० च्या आत आहेत. जुन्या गाडीचा भाव करायला जाण्याआधी त्याच व्हेरियंटची आजची नवी ऑनरोड किंमत होटगी रोडवर किंवा जिथे शोरूम जवळ असेल तिथे जाऊन कागदावर लिहून घ्या. तो कागद खिशात असला की बोलणं वेगळं होतं.

जास्त वापरलेल्या गाडीचं मी का सांगतो, तर मीही तीन वर्षं वापरलेलीच घेतली. माझं टॉवेलचं छोटं युनिट आहे, रोजचं जाणं-येणं अक्कलकोट रोड एमआयडीसीपर्यंत. फेब्रुवारी २०२४ मध्ये मी डिसेंबर २०२० ची ब्रेझा पेट्रोल घेतली, व्हीएक्सआय, ३८ हजार फिरलेली, ७ लाख ४० हजारांना. विकणारे विजापूर रोडला राहणारे निवृत्त बँक अधिकारी. पहिल्या दिवसापासूनची सर्व्हिसिंगची बिलं त्यांनी तारखेवार फाईलला लावून ठेवली होती, टायर बदलल्याचं बिलसुद्धा. मी त्या फाईलचे पैसे दिले असंच समजतो. वर ३० हजार वेगळे ठेवले होते, त्यातून बॅटरी, कूलंट, ब्रेक पॅड आणि दोन टायर झाले. तुम्हीही जुनी घेतली तर बजेटमधले ४०-५० हजार पहिल्या दिवसापासून बाजूला काढा. जुनी गाडी आली की ती पहिल्या तीन महिन्यांत काही ना काही मागतेच.

आता आईंबद्दल, कारण तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तीच आहे. मॉडेल ठरवण्याआधी आईंना शोरूमला घेऊन जा. मी माझ्या आईला नेलं होतं. एका गाडीत चढताना तिनं आधी दाराचा वरचा कोपरा धरला, मग एक पाय आत टाकून तिथंच थांबली, दुसरा पाय वर येईना. उतरताना पाय जमिनीला टेकेपर्यंत सीटच्या कडेवर सरकत सरकत आली आणि साडीचा काठ उंबऱ्याच्या रबरात अडकला. कागदावर ती गाडी सगळ्यात चांगली होती. ब्रेझात ती पाठ टेकवून बसली, मग दोन्ही पाय आत फिरवले, काही धरावं लागलं नाही. सीट कमरेच्या उंचीला येत असेल तर गुडघ्यावर भार येत नाही, त्याहून उंच किंवा खाली असेल तर येतो. ग्राऊंड क्लिअरन्सचे आकडे वाचून हे कळणार नाही. पंढरपूरला जाऊन येताना आईंना दोनदा उतरावं-चढावं लागणारच, तेव्हा शोरूममध्येही दोनदा चढून-उतरून बघू दे.

मागे आई आणि दोन मुलं, म्हणजे तीन जण बसणार. तिथे गाडीची रुंदी बघा. एक्सयूव्ही ३०० आणि तिचीच पुढची थ्रीएक्सओ १८२१ मिलिमीटर रुंद आहेत, नोव्हेंबर २०२५ च्या आधीची व्हेन्यू १७७० च्या आसपास. हा दोन इंचांचा फरक मधल्या मुलाला पुण्यापर्यंत चांगला जाणवतो. पण एक्सयूव्ही ३०० ची डिकी लहान, २५७ लिटर. ब्रेझाची ३२८ आहे आणि सहा जणांच्या लग्नाच्या बॅगा आम्ही त्यात बसवल्या आहेत.

डिझेलचं तुम्ही विचारलं नाही, पण कोणीतरी सुचवेलच. महिन्याला ७०० किलोमीटरला डिझेल परवडत नाही. आरटीओ टॅक्सच १३ टक्के. शिवाय १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेलला डीपीएफ असतो, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. ती काजळी आतल्या आत जळायला गाडी हायवेला बराच वेळ सलग पळावी लागते. सात रस्ता ते आसरा अशा फेऱ्यांत तो फिल्टर भरतो आणि दिवा लागतो. सीएनजी घेणार असाल तर डिकी उघडून टाकी कुठे आहे ते बघा. नेक्सॉनमध्ये दोन लहान टाक्या खाली बसवल्यामुळे थोडी जागा उरते, बहुतेक गाड्यांत उरत नाही.

जुनी गाडी बघायला दोनदा जा. एकदा सकाळी लवकर, मालकानं सुरू करायच्या आधी. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर इंजिन आधीच तापवून ठेवलंय, म्हणजे थंड स्टार्टचा आवाज आणि धूर तुम्हाला दाखवायचा नाहीये. दुसऱ्यांदा दुपारी दोन-अडीचला जा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा उन्हात तासभर उभ्या असलेल्या गाडीचा एसी मागच्या सीटपर्यंत किती वेळात गार करतो हे बघायलाच हवं. सकाळी सगळेच एसी चांगले वाटतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३२० म्हणजे २०२० च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. रबर दिसायला कितीही चांगलं असलं तरी पाच-सहा वर्षांचा टायर आपल्या उन्हात हायवेला भरवशाचा नाही. सगळ्या काचांवरचं सालही जुळवून बघा, एखादी वेगळी असेल तर का बदलली ते विचारा.

आणि सीटबेल्ट. हे मी नुसतं ऐकून सांगत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, लांबोटीजवळ पुण्याचा हायवे बंद पडला, ते तुम्हीही पाहिलं असेल. नंतर जानेवारीत, गड्ड्याची यात्रा चालू असताना, मेव्हण्यासाठी आम्ही एक गाडी बघायला गेलो. बाहेरून चकाचक, सीट कव्हर नवीन, आत अत्तराचा वास. बरोबर माझा नेहमीचा मेकॅनिक होता. त्यानं ना बॉनेट उघडलं ना किल्ली फिरवली. ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला आणि ओढत राहिला, ओढत राहिला, शेवटपर्यंत. एरवी आपण बेल्ट निम्मा-पाऊणच ओढतो, शेवटचा वीतभर भाग खांबाच्या आत खाली गुंडाळलेलाच राहतो. त्या भागावर मातकट आडवी रेघ होती आणि पट्टी हाताला खरखरीत लागत होती. मग त्यानं सीट पुढे सरकवली, खालच्या पट्टीवर गंज. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मालक, ही गाडी पाण्यात बसलेली हाय. वायरिंग कधी दगा देईल सांगता येत नाही." विकणाऱ्यानं पाण्याचा विषयही काढला नव्हता. मला त्या दिवशी खरोखर राग आला, कारण ती गाडी कुणीतरी घेणार होतं आणि त्यात लेकरंबाळं बसणार होती. मेकॅनिकला तुम्ही ५०० रुपये द्या, हजार द्या, पण त्याच्याशिवाय जाऊ नका.

किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. गाडीचा नंबर घेऊन त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला सर्व्हिसिंगची नोंद विचारा. ३० हजार दाखवणाऱ्या गाडीच्या ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं असेल तर आकडा खोटा आहे.

एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी बघूच नका. तेव्हापासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं, आणि त्याआधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबर प्लेट लावायचं कामही मागे लागतं. सुरक्षेचे स्टार विचाराल तर नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये आणि एक्सयूव्ही ३०० ला जानेवारी २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या, म्हणजे गाड्या आपटून बघणाऱ्या संस्थेच्या, चाचणीत पाच मिळालेत. माझ्या ब्रेझाच्या पिढीला चार. मला आज पुन्हा घ्यायची झाली तर हा एक मुद्दा मी जास्त जड धरेन, कारण टेंभुर्णीपासून पुढे उसाच्या ट्रॉल्या रात्री कुठल्याही दिव्याशिवाय समोर येतात. पेट्रोलचं म्हणाल तर एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांना ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, चालतं. आधीची असेल तर पेट्रोलच्या झाकणाजवळ किंवा पुस्तकात काय लिहिलंय ते वाचा. माझ्या गाडीचं ॲव्हरेज लिटरमागे किलोमीटरभर उतरलं, बाकी त्रास नाही.

विजापूरची, केए-२८ ची गाडी ५०-६० हजारांनी स्वस्त दिसेल. शंभर किलोमीटरवर गाव, जाऊन आणावीशी वाटते. पण तिकडच्या आरटीओची एनओसी, इकडे पुन्हा रोड टॅक्स, नवा नंबर आणि तिकडे भरलेला टॅक्स परत मागायच्या खेपा. स्वस्ताई त्यातच जाते. पुण्याची एमएच-१२ चालेल, राज्यातल्या राज्यात नंबर बदलत नाही आणि टॅक्सही पुन्हा लागत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर आधी आईंना बसतं-उठतं ते मॉडेल पक्कं केलं असतं. ते १२०० सीसीच्या आतलं निघालं तर त्याचं खालून दुसरं व्हेरियंट कोरं घेतलं असतं. हप्ता जड वाटत असेल तर एका मालकाची, एमएच-१३ ची, २०२१-२२ ची पेट्रोल गाडी सहा-साडेसहाच्या आसपास शोधली असती. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज दोन-चार टक्क्यांनी जास्त पडतं, तेव्हा शक्यतो कर्ज कमीच ठेवा.

व्यवहार ठरला की एवढं करा. विकणाऱ्याचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आधी हातात घ्या. थकलेले ई-चलन ऑनलाइन तपासून त्यालाच भरायला लावा. चासी नंबर आरसीशी स्वतः जुळवा. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुमच्यासमोर होऊ द्या, कोऱ्या फॉर्मवर नको. इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत तुमच्या नावावर करून घ्या, आणि त्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळणार नाही हे धरूनच प्रीमियम मोजा. शेवटचे २५ हजार आरसीवर तुमचं नाव दिसेपर्यंत हातातच ठेवा, आणि हे टोकन देतानाच सांगून टाका. आमच्या बँकवाल्या काकांना मी तसं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मीही असंच केलं असतं." तिसऱ्या आठवड्यात नाव चढलं, त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन पैसे दिले.