आधी बाबांसाठी माणसं बोलव, मेडिटेशन ॲपचं नंतर बघू

अगं, तुझं पत्र चांगलं लांबलचक आहे. त्यात मेडिटेशन ॲपची चौकशी आहे, लेकीचा मोबाईल आहे, नवऱ्याचं वर्क फ्रॉम होम आहे, गावी एकटी राहणारी आई आहे, पण मी अडकले ते मधल्याच एका ओळीवर, "बाबा मे २०२१ मध्ये गेले, मी पर्थमध्ये, सगळं व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी नऊच्या मीटिंगला बसले." आणि शेवटी घाईघाईत, "अजून रात्री इंडियाचा फोन वाजला की हातपाय कापतात, मी तेव्हा जायला हवं होतं."

कशी जाणार होतीस बाई? कोविडमुळे ऑस्ट्रेलियाबाहेर पडायलाच सरकारची परवानगी लागत होती, २७ एप्रिलपासून भारतातून येणारी विमानं बंद, आणि त्यावर परत आलात तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० डॉलर दंड, तेही स्वतःच्याच नागरिकांना! हा दोष तू कशाला डोक्यावर घेतेस?

पण नऊच्या मीटिंगबद्दल मात्र रागवणार. डब्ल्यूएचओने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने, सांगितलं की साथीच्या पहिल्या वर्षात जगभर अँक्झायटी आणि डिप्रेशन २५ टक्क्यांनी वाढलं. मला मात्र तुझ्यासारखी माणसं दिसतात, ज्यांनी रजासुद्धा टाकली नाही. आपल्याकडे घरात कोणी गेलं की चूल पेटत नाही, शेजारी कडू घास आणतात, दहा दिवस माणसं येऊन बसतात, तेच तेच विचारतात, आपण तेच तेच सांगतो, आणि सांगता सांगता ते आत उतरतं. तुला यातलं काहीच मिळालं नाही.

आमच्याकडेही हेच. सासूबाई सांगलीत गेल्या तेव्हा आम्ही इंग्लंडात लेस्टरला, आणि भारत ब्रिटनच्या रेड लिस्टवर, म्हणजे प्रवासावर कडक निर्बंध. हे म्हणायचे "मी ठीक आहे", आणि डिशवॉशर नीट लावला नाही म्हणून तासभर भांडायचे. शेवटी मीच चार मराठी घरं जेवायला बोलावली, सासूबाईंचा फोटो मांडला, त्यांच्या हातची असायची तशी भरली वांगी केली (जमली नाहीत), आणि त्यांच्या चिकटपणाचे किस्से सुरू झाले तसा हा माणूस हसता हसता रडायला लागला, सगळ्यांसमोर. मला तर हायसं वाटलं.

तूही तेच कर. भटजी नसला तरी चालेल. बाबांना ओळखणारं तिथे कोणी नसेल तर तूच ओळख करून दे, त्यांच्या तापटपणासकट. लेकीलाही बसव, तिचे आजोबा होते ते.

तरीही झोप उडालेलीच असेल, कामात लक्ष लागत नसेल तर जीपीकडे, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे, जा. लांबलेला शोक हा आता डॉक्टरांच्या यादीतला रीतसर आजार आहे. त्यांच्याकडे मेंटल हेल्थ ट्रीटमेंट प्लॅन मागितलास तर मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विमा, वर्षाला समुपदेशनाच्या दहा सेशनपर्यंत पैसे देतं, त्यात लाज कसली?

लेकीचा मोबाईल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला, तुझासुद्धा. नवऱ्याला एक दार असलेली खोली दे. आईला टेली-मानसचा, म्हणजे भारत सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर देऊन ठेव, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि तिला तू फोन करत जा, दिवसाउजेडी, काही काम नसताना.