शोधनिबंध स्वीकारला गेला, आता शुल्क कोणी भरायचे?

सप्रेम नमस्कार.

आपली कन्या वैद्यकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आहे, तिचा पहिला शोधनिबंध एका वैद्यकीय नियतकालिकाने स्वीकारला आहे आणि पाठोपाठ ३,००० डॉलर प्रकाशन शुल्काची मागणी आली आहे. त्यासाठी मुदत ठेव मोडावी का, असे आपण विचारता. मोडू नका, निदान पुढच्या गोष्टी तपासून होईपर्यंत तरी नाही.

वाचकाकडून वर्गणी न घेता संशोधन सर्वांना खुले असावे, ही भूमिका २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यात मांडली गेली आणि ती योग्यच होती. पण वाचकाच्या खांद्यावरचा भार बऱ्याच ठिकाणी लेखकावर आला. ‘नेचर’ने २०२० मध्ये जाहीर केलेले शुल्क ९,५०० युरो होते. ज्याच्या मागे अनुदान देणारी संस्था असते, त्याला ही रक्कम स्वतःच्या खिशातून भरावी लागत नाही, विद्यार्थ्याला लागते. अनेक प्रकाशक अत्यंत गरीब देशांतील लेखकांना शुल्क माफ करतात आणि त्यांच्या वरच्या काही देशांना सवलत देतात. मात्र हे सहसा देशांच्या यादीवर ठरते, लेखकाच्या ऐपतीवर नाही. त्यामुळे यादीबाहेरच्या देशातला निधी नसलेला विद्यार्थी मधल्या मध्ये अडकतो. मला ही व्यवस्था अन्यायकारक वाटते, आणि तिची किंमत एखाद्या कुटुंबाने स्वतःची बचत मोडून चुकवावी हे तर मुळीच पटत नाही.

आता तपासायचे ते असे. नियतकालिक मिश्र पद्धतीचे, म्हणजे वर्गणी आणि मुक्त प्रवेश हे दोन्ही मार्ग असलेले आहे का, हे आधी पाहावे. तसे असेल तर स्वीकृतीनंतर परवान्याची निवड करण्याचे जे पान उघडते, त्यावर वर्गणीचा पर्यायही असतो आणि त्याला सहसा शुल्क नसते. घाईत मुक्त प्रवेशाच्या चौकोनावर टिचकी मारली जाते आणि मग बिल येते; हे मी एकाहून अधिक विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिले आहे. वर्गणीचा मार्ग घेतल्यावरही, नियतकालिकाचे धोरण परवानगी देत असेल तर, स्वीकृत हस्तलिखित ठरावीक मुदतीनंतर संस्थेच्या भांडारात, म्हणजे सर्वांना खुल्या असलेल्या ऑनलाइन संग्रहात, ठेवता येते.

नियतकालिक पूर्णतः मुक्त असेल, तर संपर्क लेखकाच्या, म्हणजे नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाच्या, नावाने शुल्कमाफीची विनंती करावी. बरेच प्रकाशक ती लेख सादर करतानाच मागतात, त्यामुळे उशीर झाला असण्याची शक्यता आहे, तरी विचारण्यात काहीच जात नाही. लेखकाला शुल्क भरावे लागू नये असा संस्थेचा प्रकाशकाशी करार आहे का, हे ग्रंथपालांना विचारावे. हा प्रश्न विद्यार्थी क्वचितच विचारतात. यातून काहीच निघाले नाही तर लेख लेखी मागे घ्यावा आणि तसे उत्तर हाती आल्यावरच तो दुसरीकडे पाठवावा, कारण एकच लेख एकाच वेळी दोन ठिकाणी असणे हा गैरप्रकार मानला जातो. वाचक आणि लेखक दोघांकडूनही पैसे न घेणारी नियतकालिकेही आहेत. २००३ पासून चालू असलेल्या मुक्त नियतकालिकांच्या ‘डीओएजे’ या सूचीत शुल्क नसलेली वेगळी काढता येतात.

आपल्या पत्रातील आणखी एका गोष्टीने मी सावध झालो: चार दिवसांत छापून देण्याचे आमिष दाखवणारी दुसरी ईमेल. परीक्षणाला, म्हणजे त्याच विषयातील तज्ज्ञांकडून लेख तपासून घेण्याला, वेळ लागतो. चार दिवसांत ते होत नाही. त्या ईमेलला उत्तरही देऊ नये.

बिलावर मुदतीची तारीख असेल, तर आजच संपादकीय कार्यालयाला लिहून, शुल्काचा प्रश्न सुटेपर्यंत लेख थांबवून ठेवण्याची विनंती कन्येने स्वतः करावी.