दराच्या हिशेबात दडलेली वेठ

अनेक आशीर्वाद.

कचरा व्यवस्थापन कंपनीच्या खरेदी विभागात तू रुजू होताच पुरवठा साखळीतील वेठबिगारी रोखण्याचे काम तुझ्याकडे सोपवले गेले, हे पत्रावरून समजले. सोबतची प्रश्नावलीही वाचली. तिच्यातील 42 प्रश्नांना तुझा प्रत्येक पुरवठादार 'होय' असेच उत्तर देईल आणि फाईल पूर्ण होईल. ब्रिटनच्या 2015 च्या कायद्याने 3 कोटी 60 लाख पौंड किंवा त्याहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना दरवर्षी या विषयावर निवेदन प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. परंतु 'आम्ही या वर्षी कोणतीही पावले उचलली नाहीत' एवढेच लिहिले तरी त्या कलमाची पूर्तता होते. कागदाची मजल कुठवर जाते, याचा अंदाज तुला त्यावरून येईल.

आधी व्याख्या पक्की असू दे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1930 च्या करारानुसार, शिक्षेची धास्ती घालून करून घेतलेले आणि माणसाने स्वेच्छेने न स्वीकारलेले काम म्हणजे सक्तीचे श्रम. यात साखळदंड कुठेच नाही. शिक्षा म्हणजे थकवलेला पगार, काढून घेतलेला पासपोर्ट, फुगवत नेलेली उचल किंवा 'पोलिसांना कळवीन' एवढे एक वाक्यही असू शकते. 2021 मध्ये जगात सुमारे 2 कोटी 76 लाख माणसे अशा श्रमात अडकली होती, असा याच संघटनेचा आणि तिच्या सहकारी संस्थांचा अंदाज आहे.

आपल्या धंद्यात ही वेठ शिरते ती बहुधा दराच्या फटीतून. सरकत्या पट्ट्यासमोर उभे राहून ओल्या कचऱ्यातून बाटल्या, पुठ्ठा आणि धातू वेगळे काढण्याचे काम दुर्गंधीचे, धोक्याचे आणि कमी पैशांचे आहे. ते करायला माणसे सहज मिळत नाहीत, म्हणून कंपनी ते मजूर पुरवणाऱ्या संस्थेकडे देते, ती संस्था उपकंत्राटदाराकडे देते आणि तिसऱ्या पायरीवर माणूस कोणाच्या नोंदीत आहे हेच सांगता येत नाही. त्यामुळे घोषणापत्र वाचण्याआधी दर वाच. कंत्राटदाराने लावलेल्या ताशी दरातून किमान वेतन, भरपगारी सुट्टी, विमा, जादा कामाचा मोबदला, हातमोजे व बूट यांचा खर्च आणि त्याचा स्वतःचा नफा वजा करून पाहा. वजाबाकी शून्याखाली गेली तर तो फरक कोणीतरी सोसत असते, आणि ते कंत्राटदार नक्कीच नसतो. ही वजाबाकी तुझ्या वरिष्ठांना आवडणार नाही, कारण सर्वांत कमी दराची निविदा मंजूर करणारी सही त्यांचीच असते. तरीही ती लेखी मांड.

दुसरा कागद वेतनपत्रकाचा. चार जणांचा पगार एकाच खात्यात जातो का, अकरा जणांचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक एकच आहे का, निवास, वाहतूक आणि 'इतर' या नावांखाली किती कापले जाते, वर्षभर एकाही माणसाने आजारपणाची रजा का घेतली नाही, हे तासाभरात दिसते. मात्र सगळे नीट दिसले म्हणून निश्चिंत राहू नकोस. पोलंडमधून आणलेल्या माणसांना इंग्लंडमध्ये शेतांवर, कारखान्यांत आणि कचरा पुनर्चक्रण केंद्रांत राबवणाऱ्या टोळीतील आठ जण 2019 पर्यंत चाललेल्या खटल्यांत दोषी ठरले. पीडितांची संख्या 400 च्या वर असावी, असा अंदाज होता. ही माणसे भरती संस्थांमार्फत कामावर येत असत आणि बँक खाती त्यांच्याच नावावर असत. पण खात्यांवर ताबा टोळीचा होता. म्हणजे कागद खरा होता, पैसा मात्र दुसऱ्याच्या हातात.

म्हणून माणसांशी बोलावे लागते, आणि इथे मी एकदा सपशेल चुकलो. एका वर्गीकरण केंद्रात आठ कामगारांशी बोललो. भाषा येत नव्हती म्हणून मुकादमालाच दुभाषा केले. आठही जणांनी एकाच चालीत सांगितले की सर्व ठीक आहे. निघताना त्यांच्यातील एकाने पाण्याची बाटली घेण्यासाठी हात पुढे केला आणि आधी मुकादमाकडे पाहिले. ते मी पाहिले, तरी अहवालात लिहिले नाही. कारण प्रश्नावलीत त्यासाठी रकाना नव्हता. त्यानंतर मी कधी केंद्रावर मुलाखत घेतली नाही. दुभाषा स्वतंत्र असावा, भेट कामाच्या जागेबाहेर व्हावी, रात्रपाळीची माणसे वगळली जाऊ नयेत, आणि बोलणाऱ्याचे नाव कंत्राटदारापर्यंत कोणत्याही वाटेने पोहोचू नये.

तुझ्या यादीत फक्त मजूर पुरवठादार आणि वाहतूकदार दिसले. आपली साखळी दोन्ही टोकांना लांबते. एका टोकाला गणवेश आणि हातमोजे आहेत: भरतीसाठी घेतलेल्या कर्जात स्थलांतरित कामगार अडकल्याच्या आरोपांवरून अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने 2020 नंतर मलेशियातील काही रबरी हातमोजे उत्पादकांचा माल अडवला होता. दुसऱ्या टोकाला आपण विकलेला माल आहे. प्लास्टिकचे गठ्ठे आणि निकामी विद्युत उपकरणे दलालाच्या हाती गेल्यावर कुठे आणि कोणाकडून फोडली जातात, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही, कारण तिथे आपण पैसे देत नसून घेत असतो. घातक कचऱ्याच्या देशोदेशींच्या वाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या बासेल या आंतरराष्ट्रीय करारातील प्लास्टिकविषयक दुरुस्ती 1 जानेवारी 2021 पासून लागू झाल्याने मिश्र प्लास्टिकच्या निर्यातीसाठी आयात करणाऱ्या देशाची पूर्वसंमती लागते. ती कागदपत्रे दलालाकडून मागितलीस तर अंतिम ठिकाणाचे नाव निदान हाती लागेल.

आणि काही सापडलेच, तर कंत्राट तडकाफडकी रद्द करण्याचा मोह आवर. त्याने आपली कंपनी स्वच्छ दिसते. माणसे मात्र निवाऱ्याविना आणि कर्जासह त्याच मुकादमाच्या ताब्यात उरतात. मालकाला जाब विचारण्याआधी पीडितांना मदत करणारी संस्था आणि तपास यंत्रणा यांना कळवावे, अन्यथा रातोरात सर्वांना हलवले जाते. कापलेले वेतन आणि भरतीसाठी उकळलेली रक्कम कामगारांना परत मिळेपर्यंत पुरवठादारावर दबाव ठेवावा. तो दबाव कंत्राट चालू असेपर्यंतच ठेवता येतो.

वर्गीकरण केंद्राच्या मनुष्यबळ कंत्राटाची मुदत संपत आली आहे, असे तू लिहिले आहेस. नवी निविदा निघण्यापूर्वी सध्याच्या दराचे विवरण आणि गेल्या तीन महिन्यांची वेतनपत्रके, नावे झाकून, मला पाठव. वजाबाकी दोघे मिळून करू.