पळस, पांगारा, सावर: एकाच झाडाची तीन नावं?

प्रश्न असा आहे: सोसायटीच्या फाटकाजवळ एक बिनपानांचं झाड सध्या लाल फुलांनी भरलं आहे. विचारणारे त्याला पळस म्हणतात, शेजारच्या काकू पांगारा म्हणतात, आणि नागपूरच्या आत्यानं फोटो बघून सावर असं सांगितलं. ही एकाच झाडाची त्या त्या भागातली नावं आहेत का?

नाही, झाडं तीन आहेत. पानं गाळून तिन्ही शिमग्याच्या आसपास फुलतात, म्हणून घोटाळा होतो.

फोटो राहू द्या, खाली पडलेलं फूल उचला. पाच जाडजूड पाकळ्या आणि मध्ये केसरांचा झुबका असेल तर ती काटेसावर. तिचं फूल एवढं जड असतं की पडताना आवाज येतो. पळसाचं फूल केशरी, पोपटाच्या चोचीसारखं बाकदार. संस्कृतातलं ‘किंशुक’ हे नाव त्यावरूनच: ‘किं शुकः?’, हा पोपट की काय? पण माझी खात्रीची खूण वेगळी आहे. पळसाच्या फुलाच्या बुडाशी काळपट, मखमली पेला असतो. बोट फिरवून बघा, पुन्हा कधी चुकणार नाही. पांगारा लालभडक. फांदीच्या टोकाला तुरा, प्रत्येक फुलात एकच पाकळी मोठी, आणि फांद्यांवर बारीक काटे. पानमळ्यात वेल चढवायला लावतात तोच हा.

‘पळसाला पानं तीनच’ ही म्हण इथे कामाची नाही, कारण पांगाऱ्यालाही तीन-तीनच पानं असतात!

आता शब्दांकडे. संस्कृत ‘पलाश’चा मूळ अर्थ पान. फुलांनी रान पेटवणाऱ्या या झाडाला नाव मिळालं ते पानावरून, याचं मला फार अप्रूप वाटतं. पण ज्या समाजानं पिढ्यान्‌पिढ्या याच पानांच्या पत्रावळी आणि द्रोण लावले, त्याला ते नाव पटलं असणारच. फल-फळ, कमल-कमळ, तसंच पलाश-पळस.

‘सावर’ हा शब्द ‘शाल्मली’वरून आला. प्राकृतात ‘सामली’, पुढे मराठीत ‘सांवर’. ग्रामचं गाव आणि नामचं नाव होताना ‘म’चा ‘व’ झाला, तसाच इथेही. जुन्या छपाईत गांव, नांव, सांवर असे अनुस्वार दिसतात, ती त्या गेलेल्या ‘म’चीच खूण. या झाडाच्या बोंडातून निघतो तो सावरीचा कापूस, उशांत भरायचा.

गावांची नावं पाहिली तरी आपल्या लोकांनी ही झाडं वेगळी ओळखली होती हे दिसतं: पळसगाव, पांगरी, सावरगाव.

जोडप्रश्न होता, ‘काटेसावर फुलला’ की ‘फुलली’? फुलली. शाल्मली संस्कृतात स्त्रीलिंगी, आणि मराठीतही ती सावर. पळस आणि पांगारा मात्र फुलतो. ‘झाड’ मनात धरून ‘फुललं’ म्हणणारेही भेटतात, पण मी ‘सावर फुलली’ असंच लिहीन.

तुमच्या वर्णनात ‘लाल’ आहे, ‘केशरी’ नाही, तेव्हा पळस बहुधा नव्हे. आत्या किंवा काकू, दोघींपैकी कोण बरोबर, ते उद्या सकाळी झाडाखालचं फूल सांगेल.